विंडोज पुन्हा टाकताना किंवा मदरबोर्ड बदलताना लायसन्स कसं सांभाळायचं

इंदूरमध्ये रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणक दुरुस्तीला नेला की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘डेटा रखना है क्या?’ लायसन्सबद्दल सहसा कोणी विचारत नाही. आपण विचारलंच, तर ‘भिया, की तो अंदर ही है’ असं उत्तर मिळतं. (की म्हणजे प्रॉडक्ट की, लायसन्सचा २५ अक्षरांचा कोड.) पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण ‘अंदर’ म्हणजे नक्की कुठे, यावर पुढचं सगळं ठरतं. की ज्या भागात आहे नेमका तोच भाग बदलला, तर संगणक घरी आल्यावर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट ओळ येऊन बसते. काम चालू राहतं, अपडेटही येत राहतात, फक्त वॉलपेपर आणि रंग बदलण्याची सोय बंद होते. मग घाईघाईत कोणीतरी पेन ड्राइव्हवरून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवून देतं, म्हणजे लायसन्स नसतानाही ते असल्याचं भासवणारा बेकायदा प्रोग्रॅम. ज्या घरात पैसे भरून घेतलेलं लायसन्स आहे, तिथेही हे सर्रास होतं, आणि ते टाळणं फार सोपं आहे.

इथली माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे. पडद्यावरची इंग्रजी नावं देवनागरीत लिहिली आहेत. ज्या आज्ञा टाइप करायच्या आहेत त्यांची अक्षरं, बाबांना फोनवर सांगावीत तशी, एकेक करून दिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

लायसन्स नेमकं कुठे असतं

२०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या (संगणकाचे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरच्या) बायोस चिपमध्येच लिहिलेली असते. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालून संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम. म्हणून नव्या लॅपटॉपच्या पाठीवर पूर्वीसारखं २५ अक्षरांचं स्टिकर सापडत नाही. विंडोज टाकताना इन्स्टॉलर ती की स्वतःच वाचतो. याला ओईएम, म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपनीकडून आलेलं, लायसन्स म्हणतात. ते त्या यंत्रासोबत येतं आणि त्याच यंत्राशी बांधलेलं राहतं. लॅपटॉप भंगारात गेला तर ते काढून दुसऱ्यात नेता येत नाही.

दुसरा प्रकार डिजिटल लायसन्स. इथे तुमच्या हातात की नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर एक नोंद असते. विंडोज १० किंवा ११ पहिल्यांदा अ‍ॅक्टिव्हेट होते तेव्हा संगणकाच्या भागांवरून त्याची एक ओळख तयार होते आणि त्या ओळखीपुढे ‘याला अमुक आवृत्तीचं लायसन्स आहे’ असं नोंदवलं जातं. पुढे कितीही वेळा फॉरमॅट केलं तरी सर्व्हरला तोच संगणक दिसला की काम आपोआप होतं. या ओळखीत मदरबोर्डचं वजन सगळ्यांत जास्त. २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून ही नोंद मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येते. बोर्ड बदलल्यावर लायसन्स परत मिळवायचा बहुतेकांना उपलब्ध असलेला मार्ग हाच आहे, आणि तो बोर्ड जाण्याआधी जोडलेला असावा लागतो. नंतर जोडायला काही उरत नाही.

तिसरं, रिटेल. डब्यात कार्डावर आलेली किंवा ऑनलाइन विकत घेतलेली की. ती एका वेळी एकाच संगणकावर चालते, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. असेंबल केलेला डेस्कटॉप घेताना हाच प्रकार मागून घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार-पाच वर्षांनी बोर्ड बदलतोच, आणि तेव्हा थोड्या जास्त पैशांचं चीज होतं.

चौथं, संस्थांसाठीचं व्हॉल्यूम लायसन्स. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर ते असणं योग्य. घरच्या संगणकावर दिसलं तर त्याबद्दल पुढे बोलू.

फॉरमॅटच्या आधीची दहा मिनिटं

संगणक चालू स्थितीत आहे तोवर हे करा. दुकानात नेण्याच्या आदल्या दिवशी केलं तरी चालेल, पण पावसाळा लागायच्या आत केलेलं बरं. वीज ये-जा करते, दाब वरखाली होतो, आणि बोर्ड सांगून जात नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे आवृत्तीचं नाव (होम, प्रो वगैरे) दिसेल. ते शब्दन् शब्द लिहून घ्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर साधी ‘होम’ नसते, ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि एकीचं लायसन्स दुसरीला लागत नाही.

त्याच पानावर लायसन्सची ओळ असते. ‘विंडोज इज अ‍ॅक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स’ एवढ्यावर ती संपत असेल, तर नोंद फक्त यंत्राच्या नावावर आहे. त्यापुढे ‘लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ हे शब्द असतील, तर ती खात्यालाही जोडलेली आहे. दोन्ही ओळी पहिल्या नजरेला सारख्याच वाटतात, म्हणून शेवटपर्यंत वाचा. त्या शेवटच्या पाच शब्दांवर बोर्ड बदलल्यानंतरचं सगळं अवलंबून आहे.

आता कीचा प्रकार बघायचा. कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात टाइप करा: एस-एल-एम-जी-आर, एक मोकळी जागा, तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती), लगेच डी-एल-आय. एंटर दाबून पाच-दहा सेकंद थांबा, खिडकी जरा उशिरा येते. तिच्यात ‘रिटेल चॅनल’, ‘ओईएम डीएम चॅनल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ यांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरं दिसतील. ओईएम डीएम म्हणजे बोर्डात लिहिलेली की.

इथे एक मोठी फसगत होते. शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी (प्रो), ८एचव्हीएक्स७ (होम) किंवा ६एफ४बीटी (होम सिंगल लँग्वेज) अशी आली, तर ती तुमची की नव्हे. डिजिटल लायसन्स असलेल्या लाखो संगणकांवर विंडोज हीच ठरलेली की जागा भरण्यापुरती ठेवते. तिच्यासोबत ‘रिटेल’ लिहिलेलं दिसलं तरी ते लायसन्स दुसऱ्या संगणकावर नेता येईल असा अर्थ होत नाही. ‘की काढून देणारी’ छोटी सॉफ्टवेअर हीच की दाखवतात, लोक ती डायरीत जपून ठेवतात, आणि गरजेच्या वेळी ती काही अ‍ॅक्टिव्हेट करत नाही.

नोंद खात्याला जोडलेली नसेल तर आता जोडा. अ‍ॅक्टिव्हेशनच्या त्याच पानावर ‘अ‍ॅड अ‍ॅन अकाउंट’ असतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलेल्या यूजरमधूनच हे करायचं. मायक्रोसॉफ्टचा इमेल आणि पासवर्ड द्या, मागितला तर संगणकाचा सध्याचा पासवर्डही द्या. नोकरीच्या किंवा शाळेच्या इमेलला डिजिटल लायसन्स जोडता येत नाही, स्वतःचं वैयक्तिक खातं हवं. झाल्यावर ती ओळ पुन्हा वाचा आणि शेवटचे शब्द आल्याची खात्री करा.

मग संगणकाला नाव द्या. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, ‘रीनेम धिस पीसी’. विंडोज स्वतः ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे अक्षरांचा गोंधळ जोडून नाव ठेवते. पुढे लायसन्स परत घेताना खात्यावरच्या सगळ्या संगणकांची यादी समोर येते आणि तिच्यातून आपला निवडावा लागतो. घरात तीन यंत्रं असतील तर त्या गोंधळातून आपलं कुठलं हे सांगता येत नाही. ‘रामबाग-दुकान’ किंवा ‘आई-लॅपटॉप’ असं नाव, अर्थात इंग्रजी अक्षरांत, असलं की प्रश्नच येत नाही.

आणि आता जिच्यामुळे लायसन्सपेक्षा मोठं नुकसान होतं ती गोष्ट: बिटलॉकर. मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. होम आवृत्तीत तिला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. बोर्ड बदलला, कधी बायोस अपडेट झाला तरी, सुरू होताना निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ही प्रॉडक्ट की नव्हे. प्रॉडक्ट की २५ अक्षरांची असते आणि ती चुकली तर फक्त अ‍ॅक्टिव्हेशन अडतं. रिकव्हरी की हरवली तर त्या डिस्कवरचे फोटो, हिशेब, सगळं गेलं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन डिव्हाइसेसच्या भागात ती की बघा आणि कागदावर उतरवून घ्या. बोर्ड बदलायचं ठरलंच असेल, तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून ठेवा. कुलूप निघायला डिस्कच्या आकारानुसार वेळ लागतो, तोवर चार्जर लावलेला असू द्या. डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

शेवटी बिल, बॉक्समधलं कार्ड आणि स्टिकर असेल तर त्याचा स्वच्छ उजेडात फोटो. जुन्या लॅपटॉपच्या पाठीवरचं स्टिकर मांडीवर घासून आणि उन्हाळ्यात तापून पुसट होतं. अशी पुसट की वाचताना एक नियम कामी येतो. प्रॉडक्ट कीमध्ये ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं नसतात, एल, एस आणि झेडही नसतात, आणि ०, १, ५ हे अंक नसतात. म्हणजे गोल अक्षर दिसलं तर ते शून्य किंवा ओ असूच शकत नाही, डी, क्यू किंवा जी असेल. झेड वाटलं तर ते २ आहे. बी की ८, जी की ६, एवढ्याच शंका खऱ्या उरतात आणि त्या दोन-तीन प्रयत्नांत मिटतात.

फक्त डिस्क किंवा रॅम बदलली असेल

काळजीचं कारण नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ८ ची १६ केली, पंखा किंवा पॉवर सप्लाय बदलला, तर एरवी लायसन्सला धक्का लागत नाही. ‘रीसेट धिस पीसी’ केल्यानंही लागत नाही.

नवी विंडोज टाकताना

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल आणि निदान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह एवढंच लागतं. बाजारात फिरणारी ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ विंडोज घेऊ नका. तिच्यात काय मिसळलेलं आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तुमचं खरं लायसन्स झाकून त्यावर खोटं बसतं.

इन्स्टॉलरनं की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. मग आवृत्तीची यादी आली तर आधी कागदावर लिहिलेलीच निवडा. बोर्डात की असेल तर ही यादी येतच नाही. इथे एक अडचण उभी राहते: लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचा होता आणि तुम्ही नंतर पैसे भरून प्रो घेतली होती. इन्स्टॉलर बोर्डातली की वाचून मुकाट्यानं होम सिंगल लँग्वेजच टाकतो. घाबरू नका. प्रोची नोंद सर्व्हरवर आहे. विंडोज सुरू झाल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये तुमची प्रोची की घाला. ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली असेल, तर ज्या खात्यानं घेतली त्या खात्यानं स्टोअरमध्ये साइन इन करून तिथूनच पुन्हा प्रो मिळवा.

विंडोज सुरू झाली की आधी इंटरनेट. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा. पाच तास तीस मिनिटं पुढे असलेला, चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्लीचा झोन हवा. जुन्या डेस्कटॉपची तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकलेली असली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. लोक तासभर की तपासत बसतात आणि दोष सेलचा निघतो.

इंटरनेट मिळाल्यावर बहुतेक वेळा काही मिनिटांत अ‍ॅक्टिव्हेशन होतं. झालं नाही तर संगणक एकदा बंद-चालू करा, तरीही नाही तर एक दिवस थांबून पाहा. सर्व्हरवर गर्दी असते तेव्हाही ‘लायसन्स सापडलं नाही’ असा संदेश येतो.

मदरबोर्ड बदलला असेल

तीन वेगळ्या परिस्थिती आहेत, त्या एकत्र करू नका.

वॉरंटीतल्या लॅपटॉपला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं नवा बोर्ड बसवला, तर बिघडलेल्या बोर्डाच्या बदली बसवलेल्या बोर्डावर ओईएम लायसन्स चालतं. पण त्यासाठी सेंटरनं यंत्राचा सिरियल नंबर आणि विंडोजची की नव्या बोर्डात लिहायला हवी. घाईत हे राहून जातं. म्हणून लॅपटॉप ताब्यात घेताना तिथेच सुरू करा, सेंटरच्या वायफायला जोडा, अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून बघा, आणि बायोसमधला सिरियल नंबर पाठीवरच्याशी जुळतो का ते तपासा. जुळत नसेल तर जॉबशीट (सेंटरची दुरुस्तीची नोंद) बंद होण्याआधी सांगा. घरी आल्यावर सांगायला पुन्हा फेरी पडते.

दुसरी परिस्थिती चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरचे बिघडलेले छोटे भागच दुरुस्त करण्याची. बोर्ड तोच राहतो, म्हणून लायसन्सही राहील असं वाटतं. पण ‘बायोस राइट केला’ असं कारागीर म्हणाला तर कान टवकारा. बायोस बिघडला की चिप काढून तिच्यात दुसऱ्या तशाच लॅपटॉपची फाइल भरतात. तुमची की, तुमचा सिरियल नंबर त्याच चिपमध्ये होते. ते पुसले जातात, आणि कधी कधी ज्याची फाइल भरली त्याचे येऊन बसतात. होम सिंगल लँग्वेजचा लॅपटॉप अचानक दुसरीच आवृत्ती मागू लागला तर कारण बहुधा हेच. उपाय आधीच सांगण्यात आहे: ‘पहले ओरिजिनल बायोस का बैकअप ले लेना, और मुझे पेन ड्राइव में दे देना.’ जाणकार कारागिराला ही मागणी समजते. मूळ फाइल हातात असली की तिच्यातला कीचा भाग नव्या फाइलमध्ये घालता येतो. ती नसेल तर खात्याला जोडलेली नोंद एवढाच आधार उरतो.

तिसरी परिस्थिती असेंबल केलेल्या डेस्कटॉपची. नवा बोर्ड, बहुधा नवा प्रोसेसर, नवी रॅम. सर्व्हरच्या दृष्टीनं हा पूर्ण वेगळा संगणक. लायसन्स खात्याला जोडलेलं असेल तर असं करा:

१. आधी होती तीच आवृत्ती टाका. होमच्या जागी प्रो टाकली तर पुढचं काहीच चालणार नाही.

२. ज्या खात्याला नोंद जोडली होती त्याच खात्यानं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, साइन इन करा.

३. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ दाबा. हे बटण अ‍ॅक्टिव्हेशन झालेलं नसेल तेव्हाच दिसतं.

४. तपासणी संपून ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करता आली नाही’ असा संदेश येईल. तिथे थांबू नका. त्याच खिडकीत खाली ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ अशी ओळ असते. पुष्कळ जण संदेश वाचून खिडकी बंद करतात आणि ती ओळ राहून जाते.

५. खात्याचा पासवर्ड आणि फोनवर येणारा कोड द्या. यादी येईल. तिच्यात संगणकाचं जुनं नाव शोधा, त्याखालच्या ‘धिस इज द डिव्हाइस आय अ‍ॅम यूझिंग राइट नाऊ’ या चौकटीत खूण करा आणि अ‍ॅक्टिव्हेट दाबा.

यादीत नाव नसेल तर कारणं मोजकीच असतात: खातं दुसरं आहे, नोंद कधी जोडलीच नव्हती, आवृत्ती जुळत नाही, किंवा अशा बदलांची मर्यादा संपली आहे. लायसन्स मुळात ओईएम होतं आणि तुम्ही हौसेनं वेगळा बोर्ड घेतला, तर नियमानं ते पुढे नेता येत नाही. बोर्डाच्या खर्चात नव्या लायसन्सचा खर्च आधीच धरावा.

विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड झालेल्या जुन्या संगणकांबद्दल इथेच सांगायला हवं. त्या जुन्या की घालून विंडोज १० किंवा ११ अ‍ॅक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद केली. आधी झालेल्या अपग्रेडची डिजिटल नोंद मात्र चालू आहे. त्यामुळे अशा संगणकाचं स्टिकर जपण्यापेक्षा बोर्ड शाबूत असतानाच नोंद खात्याला जोडणं महत्त्वाचं. विंडोज १० ची नोंद त्याच संगणकावर विंडोज ११ लाही चालते, हार्डवेअर ११ च्या अटींत बसत असेल तर.

रिटेल की जुन्यावरून नव्यावर नेताना

जुना संगणक चालू असेल तर त्यावर आधी की काढा. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. मग एस-एल-एम-जी-आर, जागा, तिरपी रेघ, यू-पी-के. पाठोपाठ तसंच सी-पी-के-वाय, म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) उरलेली कीही पुसली जाते. यानं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काही कळत नाही, ‘मोकळी झाली’ अशी नोंद होत नाही. तरीही करायचं, कारण एका वेळी एकच संगणक ही अट तुमच्या बाजूनं पाळली जाते. हे करण्याआधी कीची सगळी २५ अक्षरं कागदावर आहेत ना, ते बघा.

नव्या संगणकावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’. चाललं तर उत्तम. ‘ही की ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा वापरली गेली’ असं आलं तर विंडोजचं बटण आणि आर, मग एस-एल-यू-आय, जागा, ४. देश इंडिया निवडा. पडद्यावर सात-सात आकड्यांचे नऊ गट येतात, ते फोनवर किंवा दिलेल्या पानावर सांगायचे. ही की किती संगणकांवर आहे असं विचारतात, खरं तेच सांगा. उत्तरात सहा-सहा आकड्यांचे आठ गट मिळतात. एकजण वाचणारा आणि एकजण टाइप करणारा असला की चुका होत नाहीत. तोवर ती खिडकी बंद करू नका.

कोड दिसला तर

लायसन्स पटलं नाही की विंडोज अडचणीचा एक कोड दाखवते. सगळ्या कोडची सुरुवात शून्य-एक्सनं होते, इथे त्यापुढचा भाग दिला आहे. सी००४एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदललेलं दिसलं, वर दिलेला ट्रबलशूटचा मार्ग घ्या. ८०३एफ७००१ म्हणजे या संगणकासाठी लायसन्स सापडलं नाही, आधी आवृत्ती तपासा. सी००४एफ२१० सरळ सांगतो की आवृत्ती आणि लायसन्स जुळत नाहीत. सी००४सी००८ ला वरचा फोनचा मार्ग. सी००४एफ०५० आला तर की टाइप करताना चूक आहे किंवा ती या आवृत्तीची नाही. ८००७२एफ८एफ हा तारीख-वेळेचा, सेल बघा. सी००४सी००३ आला तर मात्र की मायक्रोसॉफ्टनं बंद केली आहे, आणि विकणाऱ्याकडे बिल घेऊन जाण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही.

सी००४एफ०७४ घरच्या संगणकावर दिसला तर ती वेगळीच गोष्ट आहे. संगणक एखाद्या संस्थेचा लायसन्स सर्व्हर शोधतो आहे आणि तो सापडत नाही. म्हणजे कधीतरी कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवला आहे. पक्कं करायचं तर आधीची डी-एल-आय वाली आज्ञा चालवा. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असं आलं तर शंका उरत नाही. असं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि ते ताजं ठेवायला मागे एक प्रोग्रॅम चालू राहतो. तो चालावा म्हणून अँटिव्हायरसमध्ये भोक पाडून ठेवलेलं असतं. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार किंवा दुकानाचा जीएसटी भरला जातो, त्यावर हे राहू देऊ नका. लॅपटॉप ब्रँडेड असेल तर बोर्डात खरी की बहुधा अजूनही आहे. डेटा काढून घ्या, स्वच्छ विंडोज टाका, आणि पुष्कळदा खरं लायसन्स आपसूक परत येतं. काही शेकड्यांत ऑनलाइन मिळणाऱ्या कींचंही असंच असतं. त्यांतल्या अनेक संस्थांच्या नावच्या असतात, महिन्या-दोन महिन्यांनी बंद पडतात.

खातं कोणाच्या नावावर आहे

इंदूरच्या मराठी घरांतून दिसणारी नेहमीची परिस्थिती अशी: मुलगा किंवा मुलगी पुण्याला नोकरीला, सुट्टीत आल्यावर त्यांनी आई-बाबांचा संगणक लावून दिला, आणि घाईत स्वतःच्याच इमेलनं. तीन वर्षांनी बोर्ड जातो. लायसन्स, बिटलॉकरची रिकव्हरी की, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन्स, तिन्ही त्या खात्यात. कोड जातो पुण्याच्या फोनवर, आणि तो फोन मीटिंगमध्ये असतो. त्याहून अवघड म्हणजे फोन नंबर बदललेला आणि दुसरा इमेलही विसरलेला. मायक्रोसॉफ्ट खात्याची ओळख पटवायची सगळी माहिती बदलायची झाली तर ३० दिवस थांबावं लागतं, आणि ते कोणाच्या विनंतीनं कमी होत नाही.

म्हणून आई किंवा बाबांच्या नावानं वेगळं खातं काढा, त्याला घरातल्या दोघांचे नंबर लावा, आणि लायसन्स त्या खात्याला जोडा. पासवर्ड, संगणकाचं नाव, विंडोजची आवृत्ती आणि रिकव्हरी की एका कागदावर लिहून तो घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, संगणकाच्या टेबलावर नको. दुकान किंवा क्लास असेल तर खातं मालकाच्या नावानं हवं. संगणक बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला की त्याच्या खात्यासोबत लायसन्सही अडकतं.

नवा संगणक घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर विंडोजची ओळ वेगळी मागा: आवृत्तीचं पूर्ण नाव, आणि लायसन्स ओईएम आहे का रिटेल. ‘विथ विंडोज’ एवढंच लिहून दिलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पैसे देण्याआधी काउंटरवरच डी-एल-आय वाली आज्ञा चालवून बघा आणि पडद्यावर जे आलं ते बिलाशी जुळवा.